वाचक विचारतात: गाडी एअरपोर्टला लावायची की साताऱ्यातच ठेवायची?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून दिल्लीला फ्लाइटने जातोय, आम्ही दोघं, मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ चा आणि आई ७६ ची. आठ रात्रींची ट्रिप आहे. गाडी लोहगावला एअरपोर्टच्या पार्किंगला ठेवली तर बिल लई होईल असं सगळे म्हणतायत. चुलतभाऊ म्हणतो मी सोडतो आणि आणायलापण येतो, पार्किंगचा खर्चच नको. काय करावं?

उत्तर: दादा, भाऊ सोडायला येतोय ही चांगलीच गोष्ट आहे पण त्यात खर्च नाही असं धरू नका. तुम्ही गाडी घेऊन गेलात आणि तिथंच लावली तर गाडीच्या दोन फेऱ्या होतात, एक जाताना एक येताना. भावाने सोडलं आणि आणलं तर चार फेऱ्या. सातारा ते लोहगाव साधारण सव्वाशे किलोमीटर धरा, म्हणजे जास्तीचे अडीचशे किलोमीटर, गाडीला पंधराचं अ‍ॅव्हरेज असेल तर सोळा-सतरा लिटर पेट्रोल, शंभरच्या वरच्या भावाने सतराशे रुपये तिथंच गेले. वर आनेवाडी आणि खेड-शिवापूरचा टोल पण दोन-दोन वेळा जास्तीचा. आणि भावाचे दोन दिवस, ते वेगळेच.

आता पार्किंगचं बघू. पुण्याला मल्टिलेव्हल पार्किंग म्हणजे एअरोमॉल, २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झालं ते, गाडी तिथं छताखाली राहते. रेट बदलत राहतात म्हणून मी आकडा छापत नाही, निघायच्या आठवड्यात तुम्ही स्वतः बघून घ्या, आणि बघताना पहिल्या दोन तासाचा रेट नाही तर चोवीस तासाचा रेट बघा. आणखी एक, लोक रात्री मोजतात आणि पार्किंगवाले तास मोजतात. तुम्ही सकाळी दहाला गाडी आत घातली आणि नवव्या दिवशी रात्री नऊला बाहेर काढली तर ते आठ दिवस आणि वर अकरा तास होतात, त्या अकरा तासाचं वेगळं लागतं, कुठं कुठं तर अख्खा दिवसच धरतात. समजा चोवीस तासाचे ४०० रुपये असतील (हा आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय) तर आठ दिवसाचे ३२०० आणि शेपटाचे वेगळे. म्हणजे आठ रात्रींना भावाची चार फेऱ्यांची गाडी पार्किंगपेक्षा स्वस्त पडते, आणि तीन-चार दिवसांची ट्रिप असेल तर पार्किंगच स्वस्त. तुमचा खरा रेट घालून कागदावर मांडा, दहा मिनिटांचं काम आहे.

पण माझं ऐकाल तर तुमच्या घराला तिसराच रस्ता सगळ्यात परवडेल, तो म्हणजे आपली एसटी. साताऱ्याहून स्वारगेटला विनाथांबा गाड्या दिवसभर सुटतात. आता तिकीट बघा हं: आईंना ७५ च्या वर असल्यामुळे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत प्रवास मोफत, वहिनींना महिला सन्मान योजनेत अर्धं, मुलगी पण त्याच योजनेत अर्धं, मुलगा बाराच्या आतला म्हणून त्याचं अर्धं, आणि तुमचं तेवढं पूर्ण. पाच माणसं, अडीच तिकिटं! ऑनलाइन रिझर्व्हेशन केलं तर थोडं वरचं लागतं पण दिवाळीत ते कराच, नाहीतर आईंना उभं राहावं लागेल. आईंचं आधार कार्ड बॅगेच्या तळाशी टाकू नका, वरच्या कप्प्यात ठेवा, कंडक्टर वय बघायला मागतो. ही सवलत प्रायव्हेट ट्रॅव्हल्सला नाही, फक्त एसटीला.

स्वारगेटहून पुढं कॅब करा, आणि पाच माणसं आणि बॅगा म्हणजे सहा सीटरच बुक करा, लहान गाडीत बसत नाही मग ऐनवेळी दोन कराव्या लागतात. मेट्रोने पण जाता येतं, स्वारगेटहून जिल्हा न्यायालय, तिथं बदलून रामवाडी, मग तिथून रिक्षा. खूप स्वस्त पडतं आणि लिफ्ट पण आहेत पण ७६ वर्षांच्या आई आणि चार बॅगा घेऊन हे करू नका, वाचलेल्या पैशापेक्षा त्यांचे गुडघे महत्त्वाचे. तरुण जोडपं असतं तर मी मेट्रोच सांगितली असती.

एसटीचा प्लॅन एकाच ठिकाणी फसतो, ते म्हणजे पहाटेची फ्लाइट. सहाची फ्लाइट असेल तर साताऱ्याहून मध्यरात्री दीडलाच निघावं लागतं, दिवाळीत हायवेला गर्दी असली तर त्याच्याही आधी. तेव्हा स्वतःची गाडी आणि पार्किंग हेच बरं, नाहीतर आदल्या दिवशी पुण्यात कुणाकडं मुक्काम. तिकीट काढतानाच दुपारची फ्लाइट बघितली असती तर हा सगळा प्रश्नच आला नसता, पुढच्या वेळी हे पहिलं बघा. रात्री उशिरा उतरणार असाल तर कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या रात्रीपण मिळतात पण काही स्टँडला येत नाहीत, हायवेवरच साताऱ्याच्या बॉम्बे रेस्टॉरंट चौकात सोडतात, चढताना विचारून घ्या.

प्रश्न: आम्ही सांगलीचे, विश्रामबागला असतो. बेंगळुरूला जायचंय चौघांना. कोल्हापूरहून फ्लाइट महाग दिसते, पुण्याहून स्वस्त. पुण्याहूनच जावं ना?

उत्तर: ताई, एका बाजूच्या तिकिटाचा फरक माणशी किती आहे ते बघा आणि आठने गुणा, चौघांचं जाऊन-येऊन आठ तिकिटं होतात. समजा फरक ४०० चा आहे, तर ३२०० झाले. आता सांगली ते लोहगाव अडीचशेच्या आसपास, जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, पेट्रोलच साडेतीन हजारांच्या घरात, शिवाय पेठ नाक्याला हायवेला लागल्यावर तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे तीन टोल, दोन्ही बाजूंनी. उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचं एअरपोर्ट, तुम्हाला पन्नास किलोमीटर. ४०० च्या फरकात कोल्हापूरच बरं, पंधराशेचा फरक असेल तर मात्र पुणे. टोलचं म्हणाल तर तुमच्याकडं फास्टॅगचा वार्षिक पास असेल (१५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, फक्त खासगी गाडीला) तर तो खर्च हिशोबात धरू नका. पण एका ट्रिपसाठी तो पास काढू नका, वर्षात बऱ्याच वेळा पुण्याला जाणाऱ्यालाच तो परवडतो.

प्रश्न: पुण्यात मावसबहिणीच्या सोसायटीत गाडी ठेवून एअरपोर्टला रिक्षाने गेलं तर चालेल का? एअरपोर्टजवळ काहीजण घराच्या आवारात पैसे घेऊन गाडी ठेवून घेतात ते कसं?

उत्तर: बहिणीकडं ठेवणं सगळ्यात छान, पण तिच्यावर ते ओझं होऊ देऊ नका. व्हिजिटर पार्किंगला आठ दिवस गाडी बऱ्याच सोसायट्या चालवून घेत नाहीत आणि मग सेक्रेटरीचं बोलणं तिला ऐकावं लागतं, म्हणून तिला आधीच लेखी परवानगी घ्यायला सांगा आणि काचेच्या आतून तिचा फ्लॅट नंबर आणि तुमचा मोबाइल लिहून लावा. एक किल्ली तिच्याकडं द्या, टँकरला नाहीतर कचऱ्याच्या गाडीला वाट द्यायला लागली तर गाडी हलवता येते.

घराच्या आवारातल्या पार्किंगला मात्र किल्ली देताना दहादा विचार करा. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही किल्ल्या मागतात, एक परक्याकडं असली की क्लेमला अडचण येते. गाडी नंबर घातलेली पावती घ्या, मीटरचा आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा, चारी बाजूंनी गाडीचा व्हिडिओ काढा. पावतीवर ओनर्स रिस्क (जोखीम गाडीमालकाची) लिहिलं म्हणजे समोरच्याची जबाबदारी संपली असं नसतं, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हॉटेलच्या वॅले पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीबद्दल हॉटेललाच जबाबदार धरलं होतं. पण कोर्टात जायची वेळ येऊ नये म्हणून पावती आणि फोटो आधीच फोनमध्ये असू द्या, आणि घरच्या आणखी एकाला पाठवून ठेवा.