संथ लहरींचा वेग लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

मेंदूवर कॅमेरा लावून घेतलेल्या फितीवरून तू काढलेला, लहरींची दिशा आणि वेग दाखवणारा नकाशा मिळाला. बाण देखणे आहेत. सगळे एका दिशेने वाहतात, एकही शेजाऱ्याशी भांडत नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच. लहरीचा वेग किती लिहू, असं तू विचारलंस. आकड्याकडे येते, पण त्याआधी हे बाण मेंदूचे किती आणि पद्धतीचे किती, ते बघू.

गाढ झोपेत आणि काही प्रकारच्या भुलीखाली कॉर्टेक्समधले, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातले, न्यूरॉन (चेतापेशी) स्वस्थ नसतात. काही शे मिलिसेकंद ते एकत्र सक्रिय होतात, मग जवळजवळ सगळे गप्प पडतात, मग पुन्हा सक्रिय होतात. एक हर्ट्झहून संथ अशी ही आवर्तनं मिर्चा स्टेरियाडे आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्राण्यांच्या मेंदूत, थेट पेशीच्या आतून नोंदवून दाखवली. २००४ मध्ये मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या गटाने झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर दाट इलेक्ट्रोड लावले, तेव्हा ही लहर प्रवास करते आणि बहुतेक वेळा पुढून मागे जाते असं दिसलं. वेग सेकंदाला साधारण १.२ ते ७ मीटर. उंदराच्या कॉर्टेक्सवर कॅमेऱ्याने मोजलेले वेग याहून कितीतरी कमी असतात. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवू नकोस. कवटीवरून मिळणारं विद्युत चित्र आधीच पसरट झालेलं असतं.

आता तुझे बाण. ऑप्टिकल फ्लोची, म्हणजे फितीतल्या उजळीच्या बदलावरून हालचाल मोजण्याची, जी पद्धत तू वापरलीस ती हॉर्न आणि शुंक यांनी १९८१ मध्ये मांडली. चित्रातला बिंदू सरकला तरी त्याची उजळी तीच राहते, हे तिचं गृहीतक. घरंगळत्या चेंडूला ते लागू पडतं. इथे मात्र न्यूरॉन आपापल्या जागीच असतात, आणि लहर पुढे जाता जाता स्वतःच वाढते, विरते. शिवाय प्रत्येक पिक्सेलपाशी समीकरण एक आणि अज्ञातं दोन, वेगाचा आडवा भाग आणि उभा भाग. उजळीच्या उताराच्या दिशेतला वेग कळतो, त्याला काटकोनात असलेला कळत नाही. म्हणून शेजारचे वेग सारखे असावेत अशी अट घालावी लागते, आणि त्या अटीचं वजन तू ठरवतोस. ते वाढवलंस की लहरीचा उगम, दोन लहरी भिडतात ती रेषा, फिरणारा भोवरा, सगळं पुसलं जातं. उरतात ते देखणे, एकमताचे बाण. वजन दहापट कमी करून आणि दहापट वाढवून तोच नकाशा काढ. दिशा तिन्हींत टिकली तरच ती मेंदूची म्हणायची.

फ्रेमचा हिशेबही मांड. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये ४० मिलिसेकंद. लहर सेकंदाला ३० मिलिमीटर धावत असेल तर तेवढ्यात ती १.२ मिलिमीटर पुढे जाते; पिक्सेल ५० मायक्रोमीटरचा असेल तर २४ पिक्सेल. लहरीचा काठ कित्येक मिलिमीटर पसरलेला असेल तर हे चालून जाईल. काठ एक मिलिमीटरचा असेल तर उत्तर चुकेल, आणि चुकल्याची कुठलीही खूण प्रोग्राम देणार नाही.

मी स्वतः आगमनवेळेपासून सुरुवात करते. प्रत्येक पिक्सेलचा सिग्नल आपल्या उंचीच्या निम्म्यावर कधी पोहोचला ती वेळ लिही. या वेळांचा पृष्ठभाग तयार होतो. लहान चौकटीत त्यावर किमान वर्गांच्या रीतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी राहील असं) एक सपाट प्रतल बसव. त्याचा उतार म्हणजे दर मिलिमीटरला लागलेले सेकंद, आणि त्याचा व्यस्त म्हणजे वेग. धोका या व्यस्तातच आहे. दोन लहरी समोरासमोर भेटतात तिथे उतार शून्याजवळ जातो आणि वेग अफाट दिसतो, प्रत्यक्षात तिथे काहीच धावत नसतं. म्हणून वेगांची सरासरी घेऊ नकोस. मध्यक दे, सगळं वितरण दाखव, आणि प्रतल जिथे नीट बसलं नाही त्या चौकटी गाळल्याचं स्पष्ट लिही.

फीत स्वच्छ करायला तू सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन वापरलंस. चांगलं हत्यार आहे, पण ते फितीचे असे तुकडे करतं की प्रत्येकात चित्र तेच राहतं, फक्त कमीजास्त होतं. धावणारी लहर अशा किमान दोन तुकड्यांत फुटते, एकमेकांपासून पाव आवर्तनाच्या अंतराने. त्यातला एकच ठेवलास तर धावती लहर जागच्या जागी डोलू लागेल. किती घटक ठेवलेस हे म्हणूनच तळटीपेत लपवायचं नाही.

सगळ्यात जास्त भीती मला फिल्टरची वाटते. निव्वळ यादृच्छिक आकड्यांची सरकती सरासरी घेत गेलं तरी आवर्तनं दिसू लागतात, हे येवगेनी स्लुत्स्की यांनी १९२७ मध्येच दाखवलं होतं. ०.५ ते ४ हर्ट्झचा पट्टा कापून, हिल्बर्ट रूपांतर या गणिती रीतीने फेज, म्हणजे लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, काढून नकाशा केलास तर शुद्ध नॉइजमधूनही सुंदर भोवरे निघतील. तुलनेसाठी बनावट फीत करताना प्रत्येक पिक्सेलचा फेज स्वतंत्रपणे विस्कटू नकोस. त्याने शेजारच्या पिक्सेलमधलं साम्यही मोडतं, आणि इतक्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढे कोणतीही पद्धत जिंकते. मूळ फितीत जेवढं साम्य आहे तेवढं बनावट फितीतही हवं.

रक्ताचंही बघ. न्यूरॉन सक्रिय झाले की चमकणारं जे प्रथिन तुझ्या फितीत दिसतं, त्याचा हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, आणि रक्तप्रवाह न्यूरॉन सक्रिय झाल्यावर थोडा उशिरा, तुझ्याच संथ पट्ट्यात बदलतो. दुसऱ्या तरंगलांबीची नोंद घेऊन ही दुरुस्ती केली आहे का, हे ज्यांनी प्रयोग केला त्यांना विचार.

पुढच्या वेळी नकाशा पाठवू नकोस. कच्ची फीत पाठव, आणि तिच्यासोबत तू स्वतः संगणकावर बनवलेल्या, वेग ठाऊक असलेल्या लहरीची फीत, तेवढाच नॉइज मिसळून. तुझ्या प्रोग्रामने तिचा वेग किती सांगितला ते आधी कळव. खऱ्या लहरीच्या आकड्यावर त्यानंतर बोलू.