डिकीतली तीन पाकिटं

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणारा दर दुसरा माणूस सुरुवात एकाच प्रश्नाने करतो. "मॅडम, हप्ते थकलेत. आत टाकतील का हो?" कायदा शिकताना वाटायचं, लोक कलमं विचारायला येतील. प्रत्यक्षात येतात ती रात्र रात्र न झोपलेली माणसं. म्हणून वकिली चालू असतानाच समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला.

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक गोष्ट सांगते. चिंचवडचे एक गृहस्थ, पंचेचाळिशीचे. सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप. कंपनीची ऑर्डर थांबली आणि गृहकर्जाचे पाच हप्ते राहिले. सोबत आलेल्या बायकोला "जरा ओढाताण आहे" एवढंच माहीत होतं. घर आणि कर्ज, दोन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर.

"बँकेचं पत्र आलंय?"

"आली असतील."

"असतील म्हणजे?"

ते टेबलाकडे बघत राहिले. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, सांगा की."

तीन पाकिटं आली होती, रजिस्टर पोस्टाने. सही करून घेतली आणि न उघडता स्कूटरच्या डिकीत टाकली. तेव्हापासून भाजीची पिशवी हँडलला लटकत होती, कारण डिकी उघडायचीच नाही.

त्यांना खाली पाठवून पाकिटं मागवली. मी कधीच उघडत नाही, ज्याचं त्याने उघडायचं. वकिलाने फोडलं की भीती तेवढ्यापुरती वकिलाकडे जाते आणि घरी पोचेपर्यंत परत येते. दोन पाकिटांत नुसती स्मरणपत्रं निघाली. तिसरं इंग्रजीत, चार पानी. अडखळत वाचता वाचता ते "विदिन सिक्स्टी डेज"पाशी थांबले.

"म्हणजे जप्ती झालेली नाही?"

"नाही. तारीख बघा आणि दिवस मोजा."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवत बायकोने मोजले. एक्केचाळीस.

"एकोणीस उरले," ते म्हणाले आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसले. बायको मात्र हळूच बोलली, "हप्ता थकला ते चाललं असतं मला. डिकीला कुलूप लावलंत ते नाही चाललं." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमायला लागलं.

आता सगळ्यांसाठी. हप्ता थकणं हा गुन्हा नाही. दिलेला चेक किंवा खात्यातून परस्पर जाणारा हप्ता वटला नाही तर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते, तेव्हा कोर्टाचं समन्स टाळू नका. घरासाठी बँका 2002 चा सरफेसी कायदा वापरतात, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदा. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत, होतं, मग साठ दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत घ्या. बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झालीच, तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. आणि एखादा हप्ता भरून खातं एनपीएतून बाहेर येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते.

"दिवाळखोरी जाहीर करू का?" हाही ठरलेला प्रश्न. 2016 च्या नव्या कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग सामान्य कर्जदारांना अजून लागू झालेला नाही. मुंबईत 1909 चा आणि राज्यात इतरत्र 1920 चा जुना कायदाच आहे. आणि त्यातून तारण ठेवलेलं घर सुटत नाही.

या गृहस्थांचं घर राहिलं नाही. आकडे मांडल्यावर त्यांनीच ठरवलं की लिलावाची वाट न बघता, बँकेची लेखी संमती घेऊन आपणच विकायचं. कर्ज फिटून थोडे पैसे हाती उरले. "घर गेलं म्हणजे मी नालायक," हे वाक्य खोडायला मात्र चार बैठका लागल्या. एका बैठकीत त्यांना विचारलं, "हेच तुमच्या भावाचं झालं असतं, तर त्याला नालायक म्हणाला असता?" ते चिडले, "त्याला कशाला म्हणेन?" आणि चिडता चिडता थांबले. माझ्या मते खरी केस मी तिथे जिंकले, बँकेसमोर नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. भाड्याच्या घरी बँकेचं पत्र आलं होतं.

"वॉचमनसमोरच फोडलं, मॅडम. वाचून दाखवू?"