दम आधी येतो, पाय मागून

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन पानं तू मनाबद्दल लिहिलीस. सात वर्षांनी ट्रॅकवर उतरताना लाज वाटली, शेजारच्या लेनमध्ये एकोणीस वर्षांची तूच पुढे पळतेयस असं वाटलं, हे सगळं आता कशासाठी, वगैरे. आणि अगदी शेवटी, नावाच्या वर, एकच ओळ: सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं टाच आखडलेली असते, मग मोकळी होते.

मी उत्तर देतोय ते त्या ओळीला. बाकीचं पळता पळता सुटेल, किंवा नाही सुटणार. तशीही माणसं पळतात.

सहाव्या आठवड्यात न थांबता आठ किलोमीटर झाले म्हणून तू खूश आहेस. मला ते वाचून धडकी भरली. अगं, दम आधी येतो, पाय मागून येतात. सराव पुन्हा सुरू केला की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, धाप कमी होते. स्नायूही जुनी ओळख लवकर काढतात. टाचेमागच्या टेंडनला, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणाऱ्या दोराला, यातलं काही कळवलेलं नसतं. त्याला ताकद धरायला महिने लागतात. मागच्या शतकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्याचा माग काढून २०१३ साली संशोधकांनी दाखवलं, की या टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे तू आजही शाळेत असताना वळलेल्या दोरावर पळतेस. सात वर्षं त्या दोरावर भार नव्हता, आणि तू सहा आठवड्यांत आठ किलोमीटर टांगलेस.

'पण मोकळी होते ना नंतर' असं म्हणशील. मीही म्हणायचो. दुखरं टेंडन गरम झालं की गप्प बसतं, फसवतं ते तिथेच. त्याचा खरा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उतरताना मिळतो.

मी परत आलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, पाच वर्षांचा खाडा पडलेला. नवव्या आठवड्यात जुनी वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात होतं: ४०० मीटर, सहा वेळा, मध्ये नव्वद सेकंद विश्रांती. दम होता, म्हणून स्पाइक्स, ते खिळ्यांचे बूट, घातले. चौथ्या फेरीच्या वळणावर मागून कुणीतरी टाचेवर काठी मारली असं वाटलं. मी चिडून वळून पाहिलं. मागे कुणीही नव्हतं. टेंडन तुटलेल्या पुष्कळ जणांना अगदी असंच वाटतं, हे नंतर समजलं. समजून उपयोग काय, पायाला तोवर प्लास्टर होतं.

म्हणून तुझीही जुनी वही माळ्यावर टाक. अकरा ग्रँड स्लॅम जिंकलेला ब्यॉर्न बोर्ग १९९१ मध्ये परतला तो लाकडी रॅकेट घेऊन. बाकी सगळे तोवर ग्रॅफाइटवर गेले होते. मॉन्टे कार्लोला पहिलाच सामना ६-२, ६-३ असा हरला. लोक हसले, मला मात्र त्याचं हसू येत नाही. आपल्या प्रत्येकाकडे एक लाकडी रॅकेट असतं, तुझं त्या वहीत आहे.

त्या अमेरिकन जलतरणपटू डारा टॉरेसचं उदाहरण देऊ नकोस. एक्केचाळिसाव्या वर्षी, २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटरला तिचं सुवर्ण एका शतांश सेकंदाने हुकलं, हे मलाही पाठ आहे. पण ती पूर्वीपेक्षा कमी अंतर पोहून तिथवर पोचली, हे कुणी सांगत नाही. शिवाय पाण्यात टाच आपटत नाही.

आता कामाचं. आधी फिजिओला दाखव, या आठवड्यातच. बहुधा तुला पायरीच्या कडेवर उभं करून टाच हळूहळू खाली सोडायला लावतील. हा व्यायाम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो हाकान आल्फ्रेडसन स्वतः हाडांचा डॉक्टर आणि स्वतःच टाचेने हैराण. त्याचे साहेब शस्त्रक्रियेला नाही म्हणाले, तेव्हा टेंडन आणखी बिघडवून दाखवतो म्हणून तो मुद्दाम भार टाकत सुटला, आणि टाच बरी झाली! १९९८ मध्ये पंधरा जणांवरचे निष्कर्ष त्याने छापले: पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. बारा, सहा नव्हे. तोवर पळायचंच झालं तर फिजिओ म्हणेल तेवढंच, एकाआड एक दिवस, गप्पा मारता येतील इतक्या संथ. स्पाइक्सना हात लावायचा नाही. त्यांची टाच बसकी असते, सगळा ताण मागे येतो. दोन महिन्यांनंतरच्या ८०० मीटरचं नाव काढून घे. कंटाळा येईल, येऊ दे. दम आधी येतो, पाय मागून. त्यांची वाट तुलाच बघायची आहे.

तू विचारलंस, मी पुन्हा शर्यतीत का उतरलो नाही. लोक म्हणतात घाबरलो. घाबरलो नव्हतो. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पाय भरला होता, पण तोवर शिकवायला लागलो होतो आणि मुलांना वेळ द्यायला हवा होता. कुणीतरी स्टॉपवॉच धरायला हवंच ना? हे कारण मी वीस वर्षं सांगतोय आणि ते खोटं नाही. फक्त एवढंच, की अजूनही वॉर्म-अप करताना डावा पाय मी उजव्यापेक्षा हलका टेकवतो. माझ्या मुलांनी ते कधीच ओळखलंय, मला सांगत नाहीत.

रविवारी सकाळी उठलीस की लगेच कळव. पळून आल्यावर नको. चहाच्या आधी, अनवाणी, पहिली दहा पावलं मोज आणि कितव्या पावलाला टाच सुटली तेवढा आकडा पाठव.

तुझा,
सर