दहा-बारा लाखांत, कोकणात, सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या बाईवर ॲक्शन थ्रिलर होईल का? तिची मारामारी पटेल अशी कशी दाखवायची?

होईल. पैशाचं गणित मात्र तुमच्या निर्मात्याला विचारा. मी बोलणार आहे ते मारामारीबद्दल, कारण अशाच एका सिनेमासाठी वेंगुर्ल्याजवळच्या एका जेटीवर मी पाठीवर पडलेय. हिरॉइनच्या जागी. डाव्या कोपरावर खूण अजून आहे. सिनेमाच्या शेवटी नावं येतात त्यांत माझं नाव नाही.

२०१६ चा नोव्हेंबर होता. मुंबईहून एक युनिट आमच्या वाडीत उतरलं. वीस-पंचवीस माणसं, एक कॅमेरा, एक टेम्पो. गोष्ट तुमच्यासारखीच होती: बंदरावर मासे विकणारी बाई, आतून पैसे घेऊन खून करणारी. हिरॉइन मेहनती होती, पण मारामारी तिच्याकडून करून घ्यायचीच नाही हे आधीच ठरलं होतं. त्यासाठी एक फायटर आणला होता. डोक्यावर विग, काष्टा, हातात बांगड्या. माणूस कामाला पक्का, उडी सुरेख मारायचा. पण जमिनीवर आला की आधी छाती पुढे यायची आणि मग पाय सावरायचे. दोन टेक झाले. जाळ्यांच्या ढिगावर बसलेल्या बायकांतली एक मोठ्यांदा म्हणाली, "ह्यो तर बापयो!" बापयो म्हणजे पुरुष. तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण जे प्रेक्षकाला कळणार होतं ते तिला कळलं.

मग कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी तेव्हा तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्यात खेळणारीचं काम धावणं नसतं, थांबणं असतं. चढाई करणारी आत यायची वाट बघायची, तिचा पाय पुढे पडला की घोटा धरायचा आणि तिच्याच वेगाने तिला खाली आणायचं. तीन दिवस, दिवसाला दीड हजार. मी हो म्हटलं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. पन्नास-पंचावन्न किलोची बाई नव्वद किलोच्या माणसाला ठोसा मारते आणि तो तीन फूट मागे उडतो, हे कोणालाच पटत नाही. मग तो खोटेपणा झाकायला कॅमेरा हलवतात, दर सेकंदाला कट मारतात, वर ढोल वाजवतात. तिला ठोसे मारायला लावूच नका. त्याला तिच्याकडे येऊ द्या. तुमची बाई मासे कापणारी असेल तर तिचं हत्यारही तेच सांगतं. आडाळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, पातं जागचं हलत नाही, हलतो तो मासा. एका पायाने पाट दाबून धरलेला, दोन्ही हात मोकळे, आणि सुरमई पात्यावर येते. आमच्या दिग्दर्शकाने हिरॉइनला आडाळ्यावर बसवलं आणि ती मासा पात्यावर सुरी ओढल्यासारखा ओढायला लागली. समोर बसलेल्या माझ्या आईने मान फिरवली. ज्या बाईला मासा कापता येत नाही ती माणूस काय कापणार?

आता माझं पडणं. जेटीच्या टोकाला गुंडा धावत येतो, मी खाली बसून त्याचा घोटा धरते, तो माझ्यावरून जातो, मी पाठीवर पडते आणि कोपर चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, घासतं. रक्तासाठी त्यांनी गावातूनच कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, आणलं होतं, स्वस्त म्हणून. आगळात मीठ असतं. ते खऱ्या जखमेवर गेलं तेव्हा मी जी ओरडले तो आवाज अभिनयाचा नव्हता. (आगळ वापरू नका. कॅमेऱ्यात ते रक्तासारखं नाही, जांभळट दिसतं. ग्लुकोजच्या घट्ट पाकात खाण्याचा लाल रंग घाला.) सगळा शॉट अकरा सेकंदांचा, एकाच टेकमध्ये. युनिटने टाळ्या वाजवल्या. सिनेमात तो शॉट सहा तुकड्यांत आला. मध्ये हिरॉइनचा चेहरा, गुंड्याचा चेहरा, लाट, पुन्हा हिरॉइन. बाकीची सगळी मारामारी तुकड्यांसाठीच घेतली होती, म्हणून हाही तोडला. मी खरंच पडले होते, आणि बघणाऱ्याला ते कळलंच नाही.

नावाबद्दल विचारलं तर उत्तर आलं, डुप्लिकेटचं नाव दिलं तर हिरॉइनची इमेज जाते.

यावर घरात जो वाद झाला तो अजून संपलेला नाही. माझा मामा दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांतल्या लोकनाट्यात, स्त्रीपार्ट करायचा. तीस वर्षं साडी नेसून जत्रा गाजवल्या त्याने. मी विचारलं, मला नाव का नाही? तर तो म्हणाला, "चेडवा, बायलमाणसाची मारामारी बघूक कोण येतलो?" मी म्हटलं, तू साडी नेसून तलवार फिरवतोस ती बघायला अख्खा गाव येतो ना? तो म्हणाला, "ती वेगळी. ती बापयान केलेली असता."

मला हे तेव्हाही पटलं नाही. आज तर माझ्याकडे उत्तर आहे. १९३५ साली मुंबईत वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' काढला. नायिका मेरी इव्हान्स, ऑस्ट्रेलियात जन्मलेली, पडद्यावरचं नाव नादिया. मारामाऱ्या आणि उड्या स्वतः करायची. वितरक चित्रपट घ्यायला तयार नव्हते, बाई चाबूक घेऊन पुरुषांना बडवते हे कोण बघणार म्हणून. वाडियांनी तो स्वतःच लावला आणि तो तुफान चालला. म्हणजे मामाचं वाक्य तो जन्मायच्या आधीच खोटं ठरलं होतं. आणि 'शोले'त बसंतीचा टांगा पळतो त्या धोक्याच्या दृश्यांत हेमा मालिनीच्या जागी रेश्मा पठाण होती. १९७५ सालची गोष्ट. डाकू मागे लागलेले, बाईच्या जागी बाईच, आणि देशाने तो टांगा श्वास रोखून बघितला.

पण मामाकडून शिकायचं ते शिकाच. त्याला बाई म्हणून सगळे मानायचे ते साडीमुळे नाही. पाणवठ्यावरच्या, बाजारातल्या बायका त्याने वर्षानुवर्षं बघितल्या होत्या. उठताना हात कुठे टेकतात, चिडल्यावर पदर कसा ओढून घेतात, सगळं. मुंबईच्या त्या फायटरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि दशावतारातलं युद्ध बघायला खरंच जा, कार्तिकानंतर सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. एक बाकडं, मागे पडदा, मृदंग आणि झांज. कट नाही, दुसरा टेक नाही. दोघं एकमेकांभोवती फिरतात, तलवारी भिडायच्या आधी नजर भिडते, आणि मृदंगाच्या बोलावर वार पडतो. दहा फुटांच्या जागेत भीती उभी राहते. तुमच्या बजेटला याहून चांगली शाळा नाही.

बाहेरचं बघायचं तर दोनच सांगते. १९९० च्या फ्रेंच 'निकिता'त त्या मुलीला वाढदिवसाच्या जेवणात भेट म्हणून पिस्तूल मिळतं. काम करून संडासाच्या खिडकीतून पळ असं तिला सांगितलेलं असतं, आणि ती खिडकी विटांनी बुजवलेली निघते. तिथे ती घाबरते, म्हणून पुढची गोळी न् गोळी पटते. २०११ च्या 'हेवायर'मध्ये नायिका खरीच मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळलेली, जिना करानो. हॉटेलच्या खोलीतल्या मारामारीखाली संगीतच नाही, नुसते धापा टाकल्याचे आणि सामान फुटल्याचे आवाज. त्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: हिरॉइन म्हणून चेहरा शोधू नका, खेळणारी मुलगी शोधा आणि तिला संवाद शिकवा. उलटं होत नाही. आमच्या जिल्ह्यात कबड्डी, खो-खो खेळलेल्या मुली वाडीवाडीला आहेत. त्यांना पडता येतं. आणि तिचं नाव पहिल्या पाटीवर लिहा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी एकाच सिनेमात काम केलंय, त्यामुळे लेन्स-बिन्सचं तुमच्या कॅमेरामनचं ऐका. मी पडले तेव्हा खाली गादी नव्हती, ते चूक होतं. माझं नशीब म्हणून कोपरावर भागलं, तुम्ही फाइट मास्टर आणि गाद्या दोन्हींचे पैसे बाजूला काढल्याशिवाय कोणाला पडायला सांगू नका. ओहोटीला जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे मारामारी लावू नका. बंद पडलेल्या चिरेखाणी फुकटात मिळतात आणि दिसतात जबरदस्त, पण पावसाळ्यात त्या पाण्याने भरतात आणि तळ दिसत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ओढून ठेवलेल्या होड्या वापरता येतील, मालकाला विचारून. विजयदुर्ग किंवा सिंधुदुर्ग किल्ला हवा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आणि खोट्या बंदुका बाहेर काढायच्या आधी पोलीस ठाण्यात कळवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची माणसं अनोळखी बोट आणि हातातली बंदूक सहज घेत नाहीत.

तो अकरा सेकंदांचा अखंड शॉट कॅमेऱ्याच्या मदतनीस मुलाने मला नंतर पाठवला होता. गेल्या मे महिन्यात मामा घरी आला तेव्हा मी त्याला तो दाखवला. त्याने फोन हातात घेतला, लांब धरला, पुन्हा लावायला सांगितला. तीनदा बघितला. मग म्हणाला, "पाय बरो धरलंस. पदर आधी खोचूक व्हयो होतो, घोट्याकडे जाताना हातात येता तो."

बरोबर आहे त्याचं. दुसऱ्या सेकंदाला पदर माझ्या बोटांत अडकतो आणि पकड अर्धा क्षण उशिरा बसते. तुमच्या मुलीचा पदर कमरेला खोचून घ्या आणि आतून दोन पिना लावा.