ट्रॉमा रिसर्च फेलोशिप घ्यावी का? हो म्हणण्याआधी हे तपासा

नमस्कार डॉक्टर,

जनरल सर्जरीत एमएस झालंय, अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रॉमा सेंटरने (गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयाने) दोन वर्षांची बिनपगारी रिसर्च फेलोशिप देऊ केलीय, आणि "तिथून पुढे ट्रॉमा सर्जन होता येईल का, की सरळ इंग्लंड गाठू?" असं तुम्ही विचारलंय. मी याच वाटेने इकडे अमेरिकेत आले, आधी रिसर्च, मग रेसिडेन्सी (रुग्णालयात काम करत घ्यायचं तज्ज्ञ-प्रशिक्षण), मग सर्जिकल क्रिटिकल केअर (सर्जरीच्या गंभीर पेशंटची आयसीयूतली देखभाल). त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी रोखठोक उत्तर. ऑफर आहे तशी घेऊ नका. रिसर्चचा दरवाजा आणि ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) दरवाजा हे इथे दोन वेगळे दरवाजे आहेत, आणि एकातून दुसऱ्यात आपोआप जाता येत नाही. हे कुणी ऑफर देताना सांगत नाही. खोटं बोलतात असंही नाही, तुम्हाला ठाऊकच असेल असं धरून चालतात.

तुम्हाला बहुधा जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर 'रिसर्च स्कॉलर' म्हणून बोलावतील. या प्रकारात पेशंटला हात लावणं जवळजवळ वर्ज्य. ट्रॉमा बेमध्ये (जखमींना आधी आणतात त्या खोलीत) तुम्ही उभे राहाल, सगळं दिसेल, पण छातीत नळी घालायला पुढे होता येणार नाही. एमएस करून आलेल्या माणसाला हे पहिले काही महिने फार टोचतं. शिवाय या प्रकाराची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि तो कार्यक्रम संपवलात की पुन्हा रिसर्च स्कॉलर म्हणूनच यायला २४ महिने थांबावं लागतं. खर्चाची सोय कागदोपत्री दाखवावी लागते, आरोग्य विमाही सक्तीचा. बिनपगारी असेल तर हा सगळा भार तुमच्यावर.

सर्जन म्हणून काम करायचं तर ईसीएफएमजी प्रमाणपत्र (परदेशी पदवीधर डॉक्टरांसाठीचं), त्यासाठी यूएसएमएलई ही 'स्टेप' नावाच्या टप्प्यांतली परवाना परीक्षा, मग मॅच (रेसिडेन्सीच्या जागा वाटून देणारी देशव्यापी प्रक्रिया), मग जनरल सर्जरीची पाच वर्षांची रेसिडेन्सी, आणि त्यानंतर सर्जिकल क्रिटिकल केअरचं एक वर्ष. तुमचं एमएस इथे सहसा धरलं जात नाही. थेट फेलोशिपला घेतल्याचे अपवाद कानावर येतात, त्यावर बेत आखू नका. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा निकाल फक्त पास-नापास असा लागतो, म्हणून स्टेप २ सीके (क्लिनिकल नॉलेज) मधल्या गुणांवर सगळा डोळा असतो. परीक्षा रिसर्च करता करता देऊ, असं अनेक जण म्हणतात. जमतं, पण बॉसला शनिवार-रविवार कळत नसतील तर नाही जमत. शक्य असेल तर किमान एक टप्पा उरकून या. आणि रेसिडेन्सी जे-१ वर केलीत तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते, नाहीतर वेव्हरची (ही अट माफ करून देणारी) नोकरी शोधावी लागते. घरच्यांसोबत हे आधीच बोलून ठेवा.

इंग्लंडचं गणित वेगळं आहे. एमआरसीएस (सर्जरीची ब्रिटिश परीक्षा) झालेलं असेल तर जीएमसी (ब्रिटनमधली डॉक्टरांची नोंदणी संस्था) नोंदणीसाठी प्लॅब ही परदेशी डॉक्टरांची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि नोंदणी झाली की क्लिनिकल काम करता करता रिसर्च करता येतो. एमटीआय या परदेशी डॉक्टरांच्या प्रशिक्षण योजनेतून गेलात तर २४ महिन्यांची मर्यादा असते हे लक्षात ठेवा. लंडनमध्ये २०१० साली आणि बाकी इंग्लंडमध्ये २०१२ साली मेजर ट्रॉमा नेटवर्क सुरू झाली, त्यामुळे गंभीर जखमी ठरावीक रुग्णालयांत एकवटतात, आणि रिसर्चला हेच लागतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची ट्रॉमा रजिस्ट्रीही (जखमींची सलग ठेवलेली नोंद) या क्षेत्रात नावाजलेली आहे, तो पर्याय कुणी विचारातच घेत नाही. मला आज निवडायचं असतं आणि हात चालता ठेवायचा असता तर मी इंग्लंडकडे झुकले असते. पुरावा कसा घडतो हे शिकायचं असेल, तर अमेरिकेतली दोन वर्षंही वाया जात नाहीत. मात्र पगारी हवीत.

आता कामाबद्दल, कारण त्याची कल्पना नसताना लोक येतात.

रात्रीचा मॅसिव्ह ट्रान्सफ्युजनचा (भरमसाट रक्त द्यावं लागण्याचा) कॉल डोळ्यांसमोर आणा. रक्ताच्या पिशव्यांचा कूलर येतो, कुणी पोट उघडायची तयारी करतंय, कुणी गळ्याच्या शिरेत लाइन (नळी) टाकतंय. तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी, हातात फॉर्म. कोणती पिशवी किती वाजता लावली ते लिहायचं. आणि तिथे कळतं की ॲम्ब्युलन्सच्या नोंदीतली वेळ, भिंतीवरचं घड्याळ आणि संगणकातली वेळ, तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. ब्लड बँकेने पिशवी 'दिली' ती वेळ आणि ती प्रत्यक्ष 'टांगली' ती वेळ यातही फरक. कारकुनी वाटेल, पण प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) किती द्यावा, हा आमच्या शाखेतला अख्खा वाद या काही मिनिटांवर उभा राहिला होता.

२००७ साली इराकमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयाचा अभ्यास आला. २४६ जखमी, सगळ्यांना भरमसाट रक्त दिलेलं. लाल पेशींच्या मानाने प्लाझ्मा कमी मिळालेल्यांत मृत्यू ६५ टक्के, मधल्या गटात ३४, भरपूर मिळालेल्यांत १९. आकडे पाहून कुणीही म्हणेल, प्लाझ्मा द्या. पण प्लाझ्मा गोठवलेला असतो, वितळवायला वेळ लागतो; लाल पेशी आधी पोचतात. जो अर्ध्या तासात दगावला त्याला फक्त लाल पेशी मिळाल्या, आणि नोंदीत तो 'कमी प्लाझ्मा' गटात बसला. म्हणजे प्लाझ्मामुळे जगला, की जगला म्हणून प्लाझ्मा मिळाला? २००९ साली अलाबामातल्या एका गटाने प्लाझ्मा नेमका कधी मिळाला ते हिशोबात धरलं, आणि फायदा संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मग रँडमाइज्ड (पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटायची) चाचणी करणं भागच होतं. ती म्हणजे 'प्रॉपर' नावाची चाचणी, २०१५ साली, १२ केंद्रं, ६८० पेशंट. २४ तास आणि ३० दिवसांच्या मृत्यूत ठोस फरक दिसला नाही, पण पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू प्लाझ्मा आणि लाल पेशी समसमान दिलेल्या गटात ९.२ टक्के आणि त्या मानाने प्लाझ्मा कमी दिलेल्या गटात १४.६ टक्के होते. मुलाखतीत हे एवढं उलगडून सांगता आलं तर दहा पेपरांच्या यादीपेक्षा जास्त वजन पडतं.

अशीच चाचण्यांची आणखी एक जोडी वाचून ठेवा. २०१८ साली पॅम्पर आणि कॉम्बॅट या दोन चाचण्या आल्या, दोन्हींत रुग्णालयात पोचण्याआधीच प्लाझ्मा द्यायचा. पहिलीत हेलिकॉप्टर, ५०१ पेशंट, ३० दिवसांचे मृत्यू ३३ वरून २३.२ टक्क्यांवर. दुसरी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातली, ॲम्ब्युलन्समधली, काही फायदा नाही. शहरात पेशंट इतक्या लवकर रुग्णालयात पोचतो की वाटेतल्या प्लाझ्माला वेळच मिळत नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. तुम्ही जिथे जाणार आहात तिथे पेशंट सरासरी किती वेळात येतो, हा प्रश्न म्हणूनच बॉसला विचारा. उत्तर पटकन आलं तर रजिस्ट्री जिवंत आहे असं समजा.

संमतीचा भाग तुम्हाला नवा असेल. बेशुद्ध, रक्ताने माखलेल्या माणसाला सही कोण मागणार? अमेरिकेत १९९६ पासून यासाठी खास नियम आहे: जीव धोक्यात असेल आणि वेळच नसेल, तर संमतीशिवाय चाचणीत घेता येतं, पण आधी त्या भागातल्या लोकांशी चर्चा करावी लागते आणि जाहीर सूचना द्यावी लागते. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी नकाराचे रिस्टबँड ठेवतात. ही चर्चा फेलोंच्या गळ्यात पडते. कम्युनिटी हॉलमध्ये खुर्च्या मांडा, "तुम्ही आमच्यावर प्रयोग करणार का?" याला शांतपणे उत्तर द्या. इंग्रजी व्याकरणापेक्षा समोरच्याचं ऐकून घेण्याची सवय इथे कामी येते. नंतर नातेवाइकांना गाठून सगळं सांगायचं, तेही तुमच्याच वाट्याला.

आणि निकाल बहुतेक वेळा 'नाही' असाच येतो, याची तयारी ठेवा. महाधमनीत फुगा फुगवून रक्तस्राव रोखायचं तंत्र, रिबोआ, सगळ्यांचं लाडकं होतं. ब्रिटनमधल्या चाचणीत ९० पेशंटनंतर थांबावं लागलं. फुगेवाल्या गटात ९० दिवसांतले मृत्यू ५४ टक्के, दुसऱ्यात ४२. क्रायोप्रेसिपिटेट (रक्त गोठायला मदत करणारे प्लाझ्मातले घटक) लवकर देण्याची क्रायोस्टॅट-२ चाचणी, १,६०४ पेशंट, फायदा नाही. दोन्ही २०२३ सालच्या. ज्या विभागात असे निकाल मोकळेपणाने छापले आणि चर्चिले जातात, तिथे जा. जिथे दर सहा महिन्यांना काहीतरी 'क्रांतिकारक' निघतं, तिथून चार हात लांब.

क्रिटिकल केअरची बाजू हलकी धरू नका. रक्तस्राव थांबवला की सर्जनला वाटतं संपलं. नंतर आयसीयूत फुप्फुस, किडनी आणि जंतुसंसर्ग यांच्याशी झगडा चालतो तो आठवडे. त्यापुढेही, सहा महिन्यांनी पेशंट स्वतःचं स्वतः करू शकतो का, हा खरा प्रश्न. ॲम्ब्युलन्समध्ये ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) देण्याच्या पॅच चाचणीने हाच निकष धरला होता. याचा अर्थ कुणीतरी फोन करत बसतं. नंबर बदललेला असतो, पेशंट घर सोडून गेलेला असतो, कधी तो वारल्याचं आईच सांगते. ते फोन मागून घ्या. फॉलोअपचा डेटा तुमच्या हातात असला तर लेखकांच्या यादीत पहिलं नाव मिळायची शक्यता वाढते.

तयारी म्हणाल तर आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरपैकी एक नीट शिका, आणि इजांचं एआयएस कोडिंग (प्रत्येक इजेची तीव्रता आकड्यात मांडणं) व त्यावरून आयएसएस (एकूण इजांच्या तीव्रतेचा गुणांक) काढणं हाताने करून बघा. सगळ्या रजिस्ट्री त्यावर चालतात. स्वतःच्या रुग्णालयातला एखादा छोटा अभ्यास अर्धवट असेल तर तो पुरा करून मगच निघा, इथून तो पुरा होत नाही.

आता त्या सेंटरला मेल टाका आणि हे लेखी मागा: व्हिसाचा प्रकार, मानधन, विमा कोण भरणार, तुमच्या नावावर कोणता प्रकल्प असेल, आणि आधीचे दोन फेलो आज काय करतात. त्या फेलोंशी थेट बोलू द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. उत्तर आलं की इथे लिहा, मानधन मान्य केलं तर पुढचं वेळापत्रक कसं लावायचं ते सांगते.