शंभराच्या नोटेवर मराठी नेमकी कुठे असते?

2018 ची जांभळट नोट उलटी करा. राणी की वाव (गुजरातमधली पायऱ्यांची विहीर) असलेल्या बाजूला डावीकडे भाषांची पट्टी दिसेल. तिच्यात 15 भाषा आहेत. हिंदी आणि इंग्रजी ठळक अक्षरांत वेगळ्या असल्याने एकूण 17. पट्टीतला क्रम भाषांच्या इंग्रजी नावांनुसार लागतो, म्हणून आसामी सर्वांत वर, उर्दू तळाला आणि मराठी बरोब्बर मधोमध, आठवी: 'शंभर रुपये'.

गफलत होते ती देवनागरीमुळे. कोकणी (6), नेपाळी (9) आणि संस्कृत (12) याही देवनागरीतच छापतात. 'एक सय' दिसलं तर ती नेपाळी. मराठी तिच्या लगेच वरची ओळ. जुन्या नोटांवर ओळी 13 च असत, कारण कोकणी आणि नेपाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत (मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत) 1992 ला आल्या.