उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली

सरकारी रुग्णालयात गुडघा किंवा खुबा बदलून घरी आलेल्या रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आईचा उजवा गुडघा बदलून तीन आठवडे झाले. गुडघा वाकतो बऱ्यापैकी, पण आडवी झाली की गुडघ्याखाली फट राहते. उशी घेतल्याशिवाय तिला झोप लागत नाही. वॉर्डात फिजिओथेरपिस्टनी दोनच दिवस व्यायाम घेतले आणि चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. काही चुकतंय का?

उत्तर : ती उशी आजच काढा. सुजलेल्या सांध्याला अर्धवट वाकलेल्या स्थितीत सर्वांत जास्त जागा मिळते, म्हणून तसं ठेवलं की बरं वाटतं. पण रोज रात्रभर गुडघा तसाच राहिला तर त्याच्या मागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू तेवढ्याच लांबीवर आखडतात. वाकणं पुढे दोन-तीन महिने वाढत राहतं. सरळ होणं मात्र पहिल्या काही आठवड्यांत मिळवलं नाही तर फार जड जातं. सरळ न होणारा गुडघा घेऊन चालताना प्रत्येक पावलाला मांडीवर ताण येतो, पाय लंगडतो आणि मग कंबर दुखायला लागते.

उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या. घट्ट गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवायचा, पोटरी आणि गुडघा अधांतरी, बोटं छताकडे. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा-पंधरा, दिवसातून तीन-चार वेळा. इथे एक चूक हमखास होते : पाऊल हळूच बाहेर कलंडतं. ते कलंडलं की गुडघा गुपचूप वाकतो आणि व्यायाम वाया जातो, तेव्हा शेजारी बसून पावलाकडे लक्ष ठेवा. त्यानंतर मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. असं दहा वेळा. मग गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा लटकत असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूत अजून जोर आलेला नाही. आधी दाबण्याचाच व्यायाम वाढवा.

वाकवण्यासाठी खुर्चीत बसून पाऊल गुळगुळीत जमिनीवरून मागे सरकवायचं आणि ताण जाणवला की तिथे थांबायचं. दोन आठवड्यांत ९० अंश म्हणजे काटकोन, सहा आठवड्यांत ११०च्या आसपास, हा ढोबळ अंदाज. घरच्यांनी जोर लावून वाकवू नये. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं. दुखणं तासाभरात ओसरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. सहा आठवड्यांनीही काटकोन होत नसेल तर लगेच दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय पहिल्या तीन महिन्यांतच चांगला लागू पडतो. पुढे आतले व्रण कडक होतात.

वॉर्डातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे खाटा पुष्कळ असतात, त्यामुळे एका रुग्णाच्या वाट्याला येणारा वेळ थोडा असतो. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी हे सांगणं महत्त्वाचं : घरचं एक माणूस व्यायामाच्या वेळी तिथे हवंच. रुग्ण स्वतःच्या पायाने व्यायाम करत असताना मोबाईलवर चित्रीकरण करून घ्या, आणि पायावर किती वजन टाकायचं ते कागदावर लिहून मागा. तुमच्या आईंसाठी टाक्यांच्या किंवा पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जा. गुडघ्याखाली किती बोटं जातात ते दर रविवारी मोजून लिहून ठेवा. तिथे ती नोंद उपयोगी पडेल.

प्रश्न : ऑपरेशनला नऊ दिवस झाले. टाक्यांतून पाणी येतंय, पट्टी रोज भिजते. जवळचे डॉक्टर म्हणतात, पाच दिवस अँटिबायोटिक घ्या. घेऊ का?

उत्तर : नाही. ज्या युनिटने ऑपरेशन केलं तिथे आजच दाखवा; त्यांची ओपीडी आज नसेल तर अपघात विभागात जा. हे आम्ही कळकळीने सांगतो, कारण इथे गेलेला वेळ परत मिळत नाही. सांध्यात जंतू शिरले असतील तर बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या धातूवर त्यांचा चिकट थर बसतो आणि त्यात औषध नीट पोचत नाही. गोळ्यांनी वरची जखम सुकल्यासारखी दिसते आणि तपासणीत जंतू सापडेनासे होतात. तोच सांधा लवकर उघडून धुतला आणि आतला प्लास्टिकचा भाग बदलला तर वाचू शकतो. उशीर झाला तर पूर्ण सांधा काढायची वेळ येते.

गुडघा गरम लागणं, घोट्यापर्यंत निळसर डाग उतरणं, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना टकटक आवाज, हे मात्र नेहमीचं आहे. गरमपणा आणि थोडी सूज काही महिने राहते.

प्रश्न : खुबा बदलल्यावर पथ्यं किती दिवस? शेजारच्यांना काहीच पथ्य सांगितलं नव्हतं.

उत्तर : सांधा कुठल्या बाजूने उघडला त्यावर ते ठरतं, म्हणून शेजारच्यांची पथ्यं तुम्हाला लागू नाहीत. कार्डावर लिहिलेलं नसेल तर विचारा. मागच्या बाजूने उघडला असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी टाळायच्या : खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं. व्यवहारात याचा अर्थ असा, की खुर्चीत बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली हवेत. कमोडवर उंच बैठक बसवा, कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये जाड उशी ठेवा, पडलेली वस्तू दुसऱ्याला उचलू द्या. खुर्चीवरून उठताना आधी पुढच्या कडेला सरकून ऑपरेशनचा पाय पुढे घ्यायचा आणि हातांवर जोर देऊन उठायचं. पुढे झुकून उठण्याच्या सवयीनेच बरेचदा खुबा निखळतो. अचानक कळ आली, पाय आखूड आणि आत वळलेला दिसला, उभं राहता येईना, तर पाय ओढू नका. आहे तसं झोपवून रुग्णालयात न्या.

प्रश्न : वडील घरात चालतात, मग रक्त पातळ करणारी इंजेक्शनं बंद केली तर चालेल?

उत्तर : लिहून दिलेले दिवस पूर्ण करा. गुठळी घरी आल्यावरही होते. खुब्यानंतर तर हा धोका कित्येक आठवडे असतो. जागेपणी दर तासाला पावलं वीसेक वेळा वर-खाली करायला लावा. एकाच पोटरीत नवी सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

प्रश्न : वॉकर किती उंच असावा? जिना कसा चढायचा?

उत्तर : ताठ उभं राहून हात खाली सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पुढे काठी आली की ती ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. त्याच बाजूला धरली तर शरीर तिकडेच कलतं आणि सांध्यावरचा भार कमी होत नाही.